भांडी तशीच राहू दे

स्पेनला शिकायला जायचं ठरवलं तेव्हा मी सेहेचाळीस वर्षांची होते. जेवताना मी ते घरात सांगितलं. "कोण, तू?" नवरा म्हणाला, आणि घास त्याच्या हातातच राहिला. "सहा आठवडे? अगं, पण इथलं कसं मॅनेज होणार?" इथलं म्हणजे अमेरिकेतल्या श्रूजबरी गावातलं आमचं तीन माणसांचं घर, जे मॅनेज करायला दोन धडधाकट पुरुष मागे राहणार होते. हायस्कूलमधला मुलगा त्या मानाने खूश झाला. "आई, दॅट्स सो कूल," तो म्हणाला आणि लगेच पुढे, "बट यू डोन्ट ईव्हन टॉक टू द नेबर्स."

मला राग आला, कारण ते खरं होतं.

नागपुरात बी.एस्सी.ला फर्स्ट क्लास मिळवलेली मी, अमेरिकेत आल्यावर फोन उचलायला घाबरायला लागले. दोन-चार वेळा पलीकडून "पार्डन?" ऐकलं आणि तेवढं पुरलं. मग फोन नवरा करायचा. पुढे मुलगा सात-आठ वर्षांचा झाल्यावर त्याच्याकडे ते काम आलं. डेंटिस्टची अपॉइंटमेंट तो घ्यायचा आणि मी शेजारी उभी राहून त्याला मराठीत पढवायचे. चारचौघांत तर माझी जागा ठरलेलीच होती. कुणाकडे तीस माणसांचं जेवण असलं की मी पहिल्यापासून ओट्याशी. "काकू, किती करता हो तुम्ही," असं पोरी म्हणायच्या. मी कामसू आहे म्हणून तिथे असते, असं मलाही वाटायचं.

मुलगा मोठा झाल्यावर मी वूस्टरच्या एका दवाखान्यात काउंटरवर नोकरी धरली. काम बहुतेक कॉम्प्युटरवरचं. तिथे स्पॅनिश बोलणारे पेशंट खूप यायचे. एकदा एक बाई आल्या, सोबत नऊ-दहा वर्षांची मुलगी. दुभाषी दुसऱ्या पेशंटकडे अडकली होती, म्हणून नर्स त्या मुलीलाच सांगायला लागली की, आईची तपासणी पुन्हा करावी लागेल, मोठ्या हॉस्पिटलात, आजच. मुलगी एक वाक्य आईला सांगायची, आईचा चेहरा बघायची, आणि पुढचं वाक्य छोटं करून सांगायची. स्पॅनिश मला तेव्हा येत नव्हतं, पण वाक्यं आखूड होत चालली आहेत एवढं ऐकू येत होतं. मला माझा मुलगा आठवला. डेंटिस्टच्या फोनवर तोही माझ्यासाठी काय काय गाळत असेल, कुणास ठाऊक. त्याच महिन्यात मी कॉलेजात स्पॅनिशला नाव घातलं.

दोन वर्षांत लेखी परीक्षांमध्ये मी वर्गातल्या पोरांना मागे टाकलं. क्रियापदांची सगळी रूपं तोंडपाठ. मग तोंडी परीक्षा आली. पंधरा मिनिटं, हातात कागद नाही. बाईंनी विचारलं, तुमच्या घराविषयी सांगा. घरात वीस वर्षं राहिलेल्या मला दोन वाक्यांनंतर काही सुचेना. मी नापास झाले. जूनमध्ये आमच्या दवाखान्यात दुभाष्यांचं ट्रेनिंग सुरू होणार होतं. मॅनेजरने माझ्यासाठी जागा ठेवली होती, पण तोंडी परीक्षा पास झाले तरच. ती परीक्षा मे अखेरीला आणखी एकदाच देता येणार होती. "तुम्हाला व्याकरण येतं," कॉलेजातल्या बाई म्हणाल्या, "आता बोलायला कुठेतरी जा." अशी मी एप्रिलमध्ये कॉर्दोबाला पोचले.

तिथे माझी आणि आमच्याच कॉलेजातल्या एका एकोणीस वर्षांच्या मुलीची सोय अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या एका बाईंकडे केली होती. त्यांना सगळे सेन्योरा म्हणत, मीही तेच म्हणायला लागले. तीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात चारशे मुलांचं रांधून त्या निवृत्त झालेल्या. घराच्या मधोमध चौक, आणि चौकाच्या चारी भिंतींवर, पार छतापर्यंत, निळ्या कुंड्या टांगलेल्या. एप्रिलमध्ये त्या सगळ्या लालभडक आणि गुलाबी फुलल्या होत्या. एवढ्या उंचावर पाणी कसं घालतात, हा प्रश्न मला पडलाच होता. सकाळी सेन्योरा एक लांबलचक वेताची काठी घेऊन आल्या, तिच्या टोकाला पत्र्याचा डबा बांधलेला. डबा भरायचा, काठी वर न्यायची, मनगट जरासं वळवायचं, आणि पाणी बरोबर कुंडीत. खाली एक थेंब नाही. शंभरेक कुंड्या, रोज. मी कॉफीचा कप हातात घेऊन बघत राहायचे. कुठलंही काम इतक्या देखण्या रीतीने करणारं माणूस मी फार कमी वेळा पाहिलं आहे.

शहरही तसंच, स्वतःवर खूश असलेलं. चुन्याने पांढऱ्याशुभ्र केलेल्या गल्ल्या, आणि रस्त्याच्या दुतर्फा संत्र्याची झाडं. झाडावर फुलं आणि फळं एकाच वेळी, आणि त्या फुलांचा वास असा की वर्गात जायला उशीर व्हायचा. फुटपाथवर संत्री पडलेली आणि कुणी वाकून उचलतसुद्धा नव्हतं. नागपूरच्या माणसाला हे बघवत नाही. दुसऱ्याच दिवशी मी चांगली टपोरी पाच संत्री पिशवीत घालून घरी आणली, टेबलावर मांडली, आणि संत्रं कसं सोलायचं ते या लोकांना दाखवावं म्हणून एक सोलून फोड तोंडात टाकली. कडूजहर. सेन्योरा हसून हसून खुर्चीत बसल्या. "ती बघायची आणि वास घ्यायची असतात," त्या म्हणाल्या. मी फोड गिळली. नागपूरच्या नावाला बट्टा लागला असता.

हे सगळं मला समजत होतं, पण माझ्या बाजूने शब्द निघत नव्हता. माझ्याबरोबरची मुलगी मात्र बसच्या ड्रायव्हरपासून पाववाल्या बाईपर्यंत सगळ्यांशी बोलायची. तिच्या दहा शब्दांत सहा चुका असायच्या. मला त्या सगळ्या ऐकू यायच्या आणि मी मनातल्या मनात लाल शाईने दुरुस्त करायचे. पाववाली बाई तिला रोज एक बिस्किट फुकट द्यायची. मला कधी दिलं नाही.

जेवण दुपारी तीनला. पालक घातलेले छोले, बटाट्याचं जाड ऑम्लेट, टोमॅटोचं गार सार, असं माझ्यासाठी त्या निगुतीने करायच्या, आणि वर हॅमचे तुकडे पेरायच्या. मी शाकाहारी आहे म्हटल्यावर तुकडे आणखी बारीक केले. जेवण संपल्यावर तिथे कुणी उठत नाही. ताटं समोर तशीच, आणि तास, दीड तास गप्पा. त्या बसून राहण्याला त्यांच्याकडे वेगळा शब्दच आहे, सोब्रेमेसा. मी मात्र शेवटचा घास गिळला की उठायचे. ताटं गोळा करायची, घासणी घ्यायची, आणि मोरीशी पाठमोरी उभी. "राहू दे," सेन्योरा म्हणायच्या. "छे, छे," मी मानेनेच म्हणायचे. पाहुणी म्हणून आयतं खायचं माझ्याच्याने होत नाही, असं मी स्वतःला सांगत होते. ऑम्लेटचा तवा तर मी असा लख्ख केला की त्यात तोंड दिसावं. नवऱ्याला व्हिडिओ कॉलवर दाखवला. "तिथे जाऊन पण भांडीच?" तो म्हणाला. मी फोन ठेवून दिला.

असे तीन आठवडे गेले. अर्धा मुक्काम संपला, आणि माझी स्पॅनिश वाक्यं हाताच्या बोटांवर मोजता आली असती.

तिसऱ्या रविवारी जेवायला सेन्योरांची नणंद आणि शेजारचे एक आजोबा आले होते. जेवण झालं, मी नेहमीसारखी उठले, ताटं आत नेली. मोरीशी घासणी नव्हती. ओटा पाहिला, कपाट उघडलं, खाली वाकून पाहिलं. बाहेर आले तर घासणी सेन्योरांच्या एप्रनच्या खिशातून डोकावत होती.

"सिएन्ताते," त्या म्हणाल्या. म्हणजे, बस.

मी तशीच उभी. तेव्हा त्या अगदी सावकाश बोलल्या, एकेक शब्द मला कळेल असा. "तीस वर्षं मी चारशे मुलांची भांडी घासली आहेत. खरकटं आहे म्हणून कोण घासतं आणि टेबलावर माणसं आहेत म्हणून कोण घासतं, हे मला पाठीवरून कळतं. भांडी तशीच राहू दे. तू बस."

माझे कान तापले. पाहुण्यांसमोर मला असं बोलणारी ही कोण, असं वाटलं. आणि खरं सांगायचं तर वीस वर्षांत मला कुणी उठू नकोस, बस, असं म्हटलेलं आठवेना, म्हणून रडूही आलं. मी खुर्चीत बसले. हात कुठे ठेवायचे तेही कळत नव्हतं.

माझ्या माहेरीही जेवणं झाल्यावर हात वाळेपर्यंत गप्पा रंगायच्या. माझे वडील, काका, आत्याचे यजमान, सगळे पाटावर बसून. आई आणि काकू ताटं उचलायच्या, आणि दहाव्या वर्षापासून मीही. त्या गप्पा मी जन्मभर भांड्यांच्या आवाजातून ऐकल्या, हे मला तिथे, कॉर्दोबाच्या त्या चौकात बसल्यावर लक्षात आलं.

"तिकडे तू काम काय करतेस?" नणंदबाईंनी विचारलं.

मी दवाखाना म्हणाले. मग काउंटर म्हणाले. मग, का ते माहीत नाही, त्या लहान मुलीची गोष्ट सांगायला लागले. भूतकाळाची तोंडपाठ रूपं कुठच्या कुठे गेली. मुलगी येते, आई उभी आहे, नर्स सांगते, असं सगळं वर्तमानकाळातच चाललं होतं. मुलगी वाक्यं छोटी करते, हे सांगायच्या ठिकाणी माझा शब्द अडला. माझी एकोणीस वर्षांची मैत्रीण मदतीला पुढे सरसावली, तर सेन्योरांनी तिच्याकडे न बघताच एक बोट वर केलं आणि तिला थांबवलं. आजोबांनी घड्याळ पाहिलं नाही. त्या तिघांना माझ्या शब्दाची वाट बघण्याखेरीज दुसरं काही कामच नव्हतं, असे ते बसून होते. शेवटी मी टेबलावरचा पाव उचलला, त्याचा तुकडा मोडला, मग त्याहून लहान, मग त्याहून लहान, आणि म्हणाले, "असं. आईला दुखू नये म्हणून."

नणंदबाईंनी डोळे पुसले. सेन्योरा म्हणाल्या, "मग?"

मग मी बोलत राहिले. पाच वाजले तेव्हा भांडी मोरीत तशीच पडलेली होती आणि जगात काहीही बिघडलं नव्हतं.

उरलेले तीन आठवडे मी रोज बसले. चुका केल्या, त्यांनी हसायचं तिथे हसून घेतलं, मला राग आला तो मी स्पॅनिशमध्ये व्यक्त केला, तेव्हा त्या सगळ्यात जास्त खूश झाल्या. भांडी संध्याकाळी आम्ही तिघी मिळून घासायचो. निघायच्या दिवशी सकाळी त्यांनी ती डब्याची काठी माझ्या हातात दिली. पहिल्याच कुंडीला मी स्वतःला डोक्यापासून पायापर्यंत भिजवून घेतलं. त्यांनी काठी परत घेतली नाही. मी उरलेल्या कुंड्यांना पाणी घालेपर्यंत त्या चौकात खुर्ची टाकून बसून राहिल्या. त्या बाईंइतकं निवांत वाट बघणारं माणूस मला पुन्हा भेटलेलं नाही.

मे अखेरीला मी तोंडी परीक्षा पास झाले. मार्क जेमतेम. मध्ये एकदा शब्द अडला तेव्हा मी घाबरले नाही, शब्द येईपर्यंत थांबले, आणि परीक्षक बाईही थांबल्या. जूनमध्ये ट्रेनिंग सुरू झालं. घरी आता जेवण झाल्यावर मी उठत नाही. पहिले काही दिवस नवरा आणि मुलगा ताटांकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने बघायचे. मग मुलगा उठायला लागला. आणि एके दिवशी ताटं ठेवून परत येऊन बसला, आणि त्याने मला विचारलं, त्या स्पेनच्या आजी दिसायला कशा आहेत.

ट्रेनिंग संपून मी दुभाषी झाले, त्या पहिल्याच आठवड्यात दवाखान्यात एक आजी आल्या, सोबत सात-आठ वर्षांची नात. सवयीने नातच पुढे आली, काउंटरला हनुवटी टेकवून उभी राहिली आणि पाठ केल्यासारखं इंग्रजीत सुरू झाली, "माय ग्रँडमा सेज..."

मी काउंटरच्या मागून बाहेर आले. तिच्यासाठी खुर्ची ओढली.

"सिएन्ताते," मी म्हणाले. "तू बस. आजीशी मी बोलते."

तिने आधी आजीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग ती खुर्चीवर चढून बसली. पाय जमिनीला टेकत नव्हते. थोडा वेळ ती आमचं बोलणं ऐकत राहिली, आणि मग दप्तरातून अर्धं राहिलेलं बिस्किट काढून खायला लागली.