ती ड्रममध्ये ठेवली होती का?

हे बाहेर सांगायचं नाही, असं पप्पांनी मला दोनदा बजावलं आहे. एकदा दुकानात आणि एकदा घरी, जेवताना. मी तशीही फारशी बोलत नाही, त्यामुळे त्यांना काळजी वाटत नसावी. पण लिहायचं नाही असं ते म्हणालेले नाहीत. आणि आमच्या दुकानात किस्से साचतात, जळालेल्या मोटरींची तांब्याची तार कोपऱ्यात साचते तसे. वेळेवर उचलले नाहीत तर पायात येतात!

आमचं दुकान नशिराबादला, हायवेला लागून. बोअरच्या मोटरी दुरुस्त करायचं. पप्पांना सगळे मिस्तरी म्हणतात. माझी आत्या, म्हणजे सगळ्यांची अक्का, मोटरींची वाइंडिंग भरते, म्हणजे आतली तांब्याची तार वेढे मोजून गुंडाळते. आणि नाना. नाना साक्रीकडचे, साठीच्या पुढचे, पप्पा काम त्यांच्याकडूनच शिकले. चाळीस वर्षं इकडे राहूनही ते त्यांच्या अहिराणीतच बोलतात. मला ते आंडेर म्हणतात. आंडेर म्हणजे लेक.

दुकानाच्या दारात एक निळा ड्रम आहे. दुरुस्त झालेली मोटर, तिला केबलचा जोड मारला की, जोडासकट त्या पाण्याच्या ड्रममध्ये जाते. एक दिवस, एक रात्र. मग मीटर लावून बघायचं, की करंट पाण्यात गळतो का. सुई हलली नाही तरच मोटर गिऱ्हाइकाला. हा पप्पांचा नियम. दुसरा नियम असा, की ज्याचा जोड गळका निघेल त्याचं नाव खडूने फळ्यावर, आणि त्याने सगळ्या दुकानाला भरीत-पुरी खाऊ घालायची. फळ्यावर नानांचं नाव चार वेळा येऊन गेलं होतं. पप्पांचं एकदाही नव्हतं.

पण गिऱ्हाइकाला ड्रमचा राग यायचा. पलीकडच्या दुकानात दोन तासांत मोटर मिळते, इथे दोन दिवस कोण थांबणार? यंदा पाऊस लांबला होता, कापूस आणि केळी दोन्ही पाण्यासाठी तोंड उघडून बसली होती, आणि आमची गिऱ्हाइकं एकेक करून रस्ता ओलांडायला लागली. एका दिवशी पप्पा जेवताना म्हणाले, "ड्रम बंद करावा लागेल. नाहीतर दुकान बंद करावं लागेल." मी ताटातली भाकरी उगाच मोडत राहिले.

त्याच आठवड्यात ती बातमी आली.

*

समोरच्या चहाच्या हॉटेलात टीव्ही आहे. खोल समुद्रात बुडालेलं जुनं जहाज बघायला पाच माणसं एका छोट्या पाणबुडीत बसून गेली आणि तिचा संपर्क तुटला, हे आम्हाला तिथेच कळलं. टीव्हीवर ऑक्सिजनचे तास मोजत होते. अख्खा हायवे हॉटेलात येऊन उभा राहिला. ट्रकवाले, केळीवाले, एसटीची वाट बघणारे, सगळेच अचानक समुद्रातले तज्ज्ञ झाले!

नाना मागे उभे होते. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "पन ती ड्रममा ठेयेल व्हती का?"

चहावाला हसला. "नाना, ती पाणबुडी आहे. केवढी मोठी! कोटींची! ती काय ड्रममध्ये मावेल?"

नाना म्हणाले, "मंग ड्रम मोठा लेवाना व्हता!"

*

दुसऱ्या दिवशी आमच्या दुकानात बचावकार्याची मीटिंग भरली. बोअरमध्ये पडलेल्या मोटरी बाहेर काढणारे दोघे भाऊ आले होते. त्यांच्याकडे चेन पुली, तिपाई, गळ, सगळं असतं. थोरला म्हणाला, "आम्हाला नुसतं तिथे नेऊन सोडा. चारशे फुटांवरची मोटर आम्ही डोळे मिटून काढतो. पाइपाला पाइप लावत जायचं, काय अवघड आहे?"

"किती पाइप लागतील?" पप्पांनी विचारलं.

थोरला विचारात पडला. धाकटा बोटं मोजायला लागला. मी कोपऱ्यात गृहपाठ करत होते. टीव्हीवर खोली सांगितली होती, साधारण साडेबारा हजार फूट. पाइप वीस फुटी असतो. मी वहीच्या मागच्या पानावर भागाकार केला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "सहाशे पंचवीस."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. थोरला पप्पांना म्हणाला, "मिस्तरी, ही बोलते?"

मला जमिनीत जावंसं वाटलं, सहाशे पंचवीस पाइप खाली! पण नानांनी मान हलवली. "आंडेर खरं सांगस. सव्वासहाशे पाइप. आनि एक बी ढिला नको, नहीते बठ्ठं पानीमा!" बठ्ठं म्हणजे सगळं.

दोघे भाऊ चहा पिऊन निघून गेले. बचावकार्य रद्द झालं.

*

मग पाणबुडी फुटल्याची आणि पाचही जण गेल्याची बातमी आली. मोबाइलवर लगेच विनोद सुरू झाले. श्रीमंतांना काय सुचतं, पैसे देऊन मरायला गेले, असलं. एक गिऱ्हाईक काउंटरला टेकून असंच काहीतरी सगळ्यांना मोठ्या आवाजात दाखवत होतं. दोघे-तिघे हसलेही.

अक्काने वाइंडिंगचं मशीन बंद केलं. ती दिवसभरात मशीन बंद करत नाही. म्हणाली, "भाऊ, त्यात बाप-लेक होते. बातमीत सांगितलं. तुला हसायचंय तर हायवेवर जाऊन हस."

त्याने मोबाइल खिशात टाकला. थोड्या वेळाने हळूच म्हणाला, "सॉरी, अक्का."

"मला कशाला सॉरी? बस इथे. तारेचं टोक धर."

तो त्या दिवशी संध्याकाळपर्यंत तारेचं टोक धरून बसला. जाताना म्हणाला, "अक्का, एवढे वेढे मोजायचे असतात, मला माहीत नव्हतं."

*

शाळेत विज्ञानाच्या सरांनी पाण्याचा दाब शिकवायला घेतला. म्हणाले, "ती पाणबुडी का फुटली? कोण सांगेल?"

मला माहीत होतं. मागच्या वर्षी नानांनी एक रिकामी पाण्याची बाटली, झाकण घट्ट लावून, मोटरीच्या केबलला बांधून बोअरमध्ये सोडली होती. वर आली तेव्हा ती कुणीतरी पिळून ठेवल्यासारखी झाली होती. मी ती दप्तरात घालून आणली होती, पण हात वर करायचं धाडस होईना. शेवटी शेजारच्या मैत्रिणीनेच माझा हात धरून वर केला!

उभी राहिले. मग मी नुसती बाटली काढून बाकावर ठेवली आणि म्हटलं, "दोनशे फूट पाण्यात."

सरांनी बाटली उचलली. उलटी-सुलटी करून पाहिली. फळ्यावर काढलेल्या आकृतीकडे पाहिलं. आणि डस्टर घेऊन ती आकृती पुसून टाकली.

"ही बाटली सगळ्या वर्गात फिरवा," ते म्हणाले. "आज मी बसतो."

*

मग टीव्हीवर सांगायला लागले, की त्या पाणबुडीची नीट तपासणी करा असं काही जाणकारांनी आधीच बजावलं होतं, पण ते कोणी मनावर घेतलं नाही. आणि आमच्या रस्त्यावर उलटी रहदारी सुरू झाली! पलीकडे गेलेली गिऱ्हाइकं परत यायला लागली. "मिस्तरी, घाई नाही बरं का. ड्रममध्ये दोन दिवस ठेवा. तीन ठेवा!"

एक आजोबा तर पिशवीतून नवाकोरा कुकर घेऊन आले. सुनेला माहेरून आला होता. म्हणाले, "हापण बुडवून बघा. दाबाचं काम आहे."

पप्पांनी खूप समजावलं की कुकर वेगळा, मोटर वेगळी. आजोबा ऐकेनात. शेवटी नानांनी कुकर ड्रममध्ये बुडवला, वर काढला, मीटर लावल्यासारखं केलं आणि गंभीरपणे म्हणाले, "पास शे."

त्या दिवसापासून पप्पा ड्रम बंद करायचं बोलले नाहीत. पण ड्रमची खरी परीक्षा अजून व्हायचीच होती. आता जे सांगते, ते न सांगायचं आहे.

*

जामनेरकडचे एक मोठे केळीवाले आबा. त्यांची मोटर शनिवारी संध्याकाळी तयार झाली. पप्पांनी जोड स्वतः मारला, घाईघाईने, कारण त्यांना धुळ्याला साखरपुड्याला जायचं होतं. मोटर ड्रममध्ये सोडली आणि म्हणाले, "उद्या संध्याकाळपर्यंत हात लावायचा नाही." आणि गेले.

रविवारी भर दुपारी आबा पिकअप घेऊन हजर! दुकानात नाना, अक्का आणि मी.

"नाना, मोटर द्या. माह्या केळीची पानं खाली आली. आजचा दिवस गेला तर बाग गेली."

नाना म्हणाले, संध्याकाळी. आबा म्हणाले, "कोणाच्या हाताचा जोड हाये? मिस्तरीच्या ना? मिस्तरीचा जोड कधी गळला? नाव दाखवा फळ्यावर!"

आबांनी थेट पप्पांना फोन लावला आणि स्पीकर चालू केला. मागे सनई वाजत होती. पप्पा ओरडून बोलत होते. आबांनी बाग वाळल्याचं सांगितलं. क्षणभर नुसती सनई ऐकू आली. मग पप्पा म्हणाले, "द्या देऊन, नाना! माझाच जोड आहे!"

नाना उठले. त्यांनी ड्रममधल्या मोटरीच्या दोराला हात घातला.

मी सकाळपासून ड्रमजवळ बसले होते. अभ्यास करत होते, पण माझं लक्ष पाण्यात होतं. जोडाच्या खालच्या टोकाकडून एक बुडबुडा वर यायचा. राईएवढा. मग चाळीस अंक मोजेपर्यंत काही नाही. मग पुन्हा एक. मी सकाळपासून स्वतःला सांगत होते, की तो पप्पांचा जोड आहे, मला भास होत असेल.

"नाही," मी म्हटलं.

"काय नाही, वं?" आबा म्हणाले.

"मोटर मिळणार नाही." आबा एवढे उंच, की मला त्यांच्या शर्टाच्या बटणाशी बोलावं लागलं. "आबा, चाळीस मोजा."

"तुझा बाप द्या म्हणतो अन् तू..."

"मोजा ना, आबा."

आबा ड्रमवर वाकले. अक्का वाकली. नाना वाकले. आबा मोठ्याने मोजत होते. छत्तीस, सदतीस, अडतीस. बुडबुडा वर आला आणि त्यांच्या नाकाखाली फुटला.

नानांनी मीटर लावलं. सुई अशी पडली की बघवेना.

आबांनी फेटा काढून घाम पुसला. म्हणाले, "हे खाली गेलं असतं, तर मोटर गेली असती अन् केळीबी गेली असती." मग तिथूनच शेजारच्या शेतवाल्याला फोन केला, दोन दिवसांसाठी पाणी मागितलं. त्या शेतवाल्याशी ते चार वर्षं बोलत नव्हते!

आता जोड नवा मारायचा होता. नाना माझ्याकडे वळले. "मना डोयास्ले आते बारीक दिसत नही. हात तुना, तोंड मनं." म्हणजे जोड मी मारायचा, सांगायचं त्यांनी.

मी हजार वेळा पाहिलं होतं, केलं एकदाही नव्हतं. तार साफ केली, पिळली, रबर टेप ताणून ताणून गुंडाळला. नाना सांगत होते, अक्का उजेड धरून होती, आणि आबा पिकअपच्या फळीवर बसून बघत होते. मग मोटर पुन्हा ड्रममध्ये. एक दिवस, एक रात्र.

सोमवारी मी शाळेत गेले नाही. आबा परत आले होते. पप्पाही धुळ्याहून आले होते, पण त्यांनी मीटरला हात लावला नाही. ते नानांनी लावलं. मी डोळे मिटून घेतले. चाळीस मोजून उघडले. सुई जागची हलली नव्हती!

संध्याकाळी आबांचा फोन आला. पप्पांनी स्पीकर लावला. नुसता पाण्याचा आवाज येत होता, पाटात धो धो पडणारा.

फोन ठेवून पप्पा फळ्यापाशी गेले. खडू उचलला, थोडा वेळ हातात फिरवला आणि माझ्यापुढे धरला. मी त्यांचं पूर्ण नाव लिहिलं, वडिलांच्या नावासकट. पप्पा म्हणाले, "जरा मोठं काढ. दारातून दिसलं पाहिजे." मग मला बाजूला घेऊन म्हणाले, "पण दुकानाबाहेर कोणाला सांगू नकोस."

दुसऱ्या दिवशी आबांनी हिरव्या वांग्यांची गोणीच पाठवली. पप्पांनी स्वतः तुरीच्या काड्यांवर वांगी भाजली, मिरच्या घातल्या, आणि ते भरीत इतकं जहाल झालं, की पहिला घास घेताच नाना...

थांबा, नानाच हाक मारताहेत.

"ओ आंडेर! वही ठेव आनि ये! जामनेरना मानूस येल शे. म्हनस, मिस्तरीना हातना नको, पोरगीना हातना जोड पाहिजे!"