शालिकरामने धुऱ्यावर लावलेला बाजार

अमरावतीच्या इतवारा बाजारात शालिकरामचं दुकान डोळे मिटूनही सापडे, इतका त्याचा आवाज खणखणीत. दुकान म्हणजे जमिनीवर अंथरलेलं पोतं, त्यावर वांग्यांचा ढीग आणि शेजारी हिरव्यागार सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या. शहरापासून तासाभरावर त्याचं दोन एकर शेत होतं. भाजी तो पोटासाठीच पिकवायचा, पण विकायचा मात्र बोलायला मिळावं म्हणून. एखादं गिऱ्हाईक घासाघीस न करता पिशवी भरून निघून गेलं, की त्याला अपमान झाल्यासारखं वाटे.

दोन हजार एकवीसच्या फेब्रुवारीत कोरोना पुन्हा उसळला आणि बाजार बंद झाला. एक गाडीवाला तोंड बांधून शेतावर यायचा, भाजीचे कॅरेट उचलायचा आणि मुकाट्याने निघून जायचा. शालिकराम घरी टीव्हीसमोर बसला तो बसलाच. त्यात पुण्याच्या मुलाने, शेखरने, बोटाला लावून ऑक्सिजन बघायचं यंत्र पाठवलं. शालिकराम ते दर दहा मिनिटांनी लावी. बायको पार्बताबाई पोळ्या लाटत असली तरी तिचं पिठाचं बोट ओढून त्यात घाली. एक दिवस तो गोठ्यातून धावत आला.

"पार्बता! बैलाले ऑक्सिजनच नाई! आकडाच नाई दाखवत!"

"कुठी लावलं व्हतं?"

"कानाले."

"अवो, कानावर केस किती हायत त्याच्या!" पार्बताबाई म्हणाली. "तो कडबा खाऊन राहिला. तुमी कवा जेवान?"

शालिकरामचं जेवण सुटलं होतं. छातीत धडधड व्हायची, हातपाय गार पडायचे. गावच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, की शरीरात काही बिघाड नाही, भीती बसली आहे. त्यांनी बोलण्यासाठी एक फोन नंबर लिहून दिला.

"मी काय येडा हाओ?" शालिकराम भडकला.

पार्बताबाईने नंबर लावला, फोन त्याच्या हातात कोंबला आणि ती धुणं धुवायला निघून गेली. पलीकडे रागिणी नावाची समुपदेशक होती. आधी शालिकराम "काई नाई, बरा हाओ" एवढंच म्हणाला. मग पन्नास मिनिटं बोलत राहिला.

"काका, दिवसभर कोणाशी बोलता?"

"टीव्हीशी."

"तो काय म्हणतो?"

"मरशीन म्हणते."

रागिणीला हसू आवरेना. बातम्या दिवसातून एकदाच, अर्धा तास बघा, म्हणाली; यंत्र काकूंकडे द्या, ताप आला किंवा दम लागला तरच मागा. मग तिने विचारलं, "सगळ्यात जास्त आठवण कशाची येते?"

शालिकराम म्हणाला, "बाई, तीन हप्ते झाले, माह्या वांग्याले कोनी नावं नाई ठेवले."

"मग रोज कोणाशी तरी मोठ्याने बोला. लांबूनच, पण बोला."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभा राहिला आणि इतवाऱ्यातल्यासारखा ओरडला, "या, या! लोण्यावानी वांगे!" शेजारच्या शेतात देवमन कांद्याला पाणी देत होता. हा माणूस वर्षाकाठी चार वाक्यं बोलायचा.

"काहून ओरडून राहिला?"

"बाजार लावला. वांगे घे."

देवमनने लांबूनच मान वाकडी करून पाहिलं. "किडके हायत."

शालिकरामचा चेहरा उजळला. "किडके? तुहे डोये किडके!"

अर्धा तास दोघं कडाकडा भांडले. त्या दुपारी शालिकरामने तीन भाकरी खाल्ल्या.

आठवड्याभरात आजूबाजूचे चार-पाच जण आपापल्या धुऱ्यावर येऊ लागले. आपला धुरा सोडायचा नाही आणि मेल्या माणसाची बातमी काढायची नाही, एवढाच नियम. पलीकडची मनकर्णा तर मेथी जून आहे म्हणून रोज भांडे. शालिकरामच्या शेतात मेथी नव्हतीच.

एक दिवस पार्बताबाई शिदोरी घेऊन आली. देवमनने गमतीने हाक मारली, "वयनी, तुमाले काय पायजे?"

तिने टोपलं खाली ठेवलं. "मले काय पायजे? माही बहीण अकोल्याले दवाखान्यात हाय. बारा दिवस झाले. मी घरात सांगतलं नाई. सांगतलं असतं तर ह्यायनं त्या मशिनीतून बोट काढलं नसतं!"

  शालिकरामने हळूच विचारलं, "इंदू जेवते का?"

"पेज घेते," म्हणत पार्बताबाई रडू लागली. तो शेजारी बसला आणि ती बोलत होती तोवर एकदाही मध्ये बोलला नाही. हे त्याला फार जड गेलं.

दुसऱ्या दिवशी त्याने स्वतःच नंबर लावला. "रागिणीबाई, आज मी नाई. माही बायको बोलते." आणि फोन तिच्या हातात देऊन तो भाकरी थापायला बसला. भाकरी चारही बाजूंनी फाटल्या. पार्बताबाई तासभर बोलली. आपल्यापेक्षा दहा मिनिटं जास्त, हे शालिकरामला जरा लागलं.

इंदूबाई बरी झाली आणि पुढे हवापालटाला म्हणून बहिणीकडे महिनाभर राहिली. ती बोलायला लागली, की शालिकरामला तोंड उघडायला फट मिळेना. तो सकाळी लवकरच शेताकडे निघायचा. देवमन म्हणे, "आज इतक्या लवकर?" आणि शालिकराम म्हणे, "घडीभर गप बसू दे बाप्पा."