सात कप्प्यांची पिशवी

नोकरी सोडून पिशव्या शिवून घ्यायला लागले तेव्हा मी चव्वेचाळीस वर्षांची होते, म्हणजे अक्कल यायला पुरेसं वय होतं. त्याआधी अठरा वर्षं एका सॉफ्टवेअर कंपनीत ग्राहकाला काय हवं असतं हे मी पडद्यावर चौकोन काढून इतरांना समजावत असे. त्यामुळे लोकांच्या मनातलं आपल्याला कळतं, असा माझा पक्का समज झाला होता.

माझी पिशवी भाजीची होती. जाड सुती कापड आणि आत सात कप्पे. टोमॅटो चेंगरायला नकोत, कोथिंबीर मोडायला नको, लिंबं हरवायला नकोत. बाहेर माझ्याच एका कवितेची ओळ छापली होती. ती कविता एकाही मासिकाने घेतली नव्हती, म्हटलं पिशवीवर तरी जाऊ दे. दोनशे पिशव्या शिवून घेतल्या आणि पाहुण्यांच्या खोलीत रचल्या. संक्रांतीपर्यंत निम्म्या खपल्या नाहीत तर मुकाट्याने जुन्या साहेबांना फोन करून नोकरी परत मागायची, असं मी घरात जाहीर केलं. नवऱ्याने ते लगेच कॅलेंडरवर लिहून ठेवलं.

आधी काही पिशव्या रंगीत कागदात बांधून नातेवाइकांना भेट दिल्या. नणंदेपासून चुलत सासूबाईंपर्यंत सगळ्यांनी फोनवर एकच शब्द सांगितला. छान. तिथेच मी सावध व्हायला हवं होतं. आमच्याकडची माणसं लग्नाच्या पंगतीतून उठताना मठ्ठ्यात मीठ कमी होतं हे सांगितल्याशिवाय हात धूत नाहीत. त्यांना एकही खोट सापडू नये अशी वस्तू मी बनवेन, हे संभवत नव्हतं. पण कौतुक कानावर पडलं की माझं डोकं चालेनासं होतं.

नावं ठेवली ती एकाच बाईंनी. विश्रांतवाडीत आमच्या वरच्या मजल्यावर एक मॅडम राहतात, सरकारी खात्यातून मोठ्या पदावरून निवृत्त झालेल्या. त्यांनी पिशवी रीतसर विकत घेतली होती आणि तक्रारीचा हक्क त्या दर आठवड्याला बजावत. लिंबू तळाच्या कप्प्यात राहून सडलं. धुतली की कप्प्यांत पाणी साचतं, दोन दिवस वाळत नाही. मेथीची जुडी एकाही कप्प्यात मावत नाही. आणि ती ओळ कितीही घासली तरी जात नाही. मी गोड हसून वहीत लिहून घेतल्याचं नाटक करायचे. मनात म्हणायचे, आयुष्यभर फायलींवर शेरे मारले, आता सवय कशी जाणार. पुढे पुढे त्या लिफ्टपाशी दिसल्या की मी जिन्याने जायचे.

संक्रांत आली तेव्हा खपलेल्या पिशव्या अकरा होत्या. नणंदेकडे शनिवार पेठेत हळदीकुंकवाला गेले. बायका अपेक्षेपेक्षा जास्त आल्या, वाण कमी पडलं, तेव्हा तिने घाईघाईने कपाटातून एक पुडकं काढून माझ्या हातात ठेवलं. घरी येऊन बघते तर माझीच पिशवी. रंगीत कागद मीच लावलेला, आत 'ताईंना प्रेमाने' ही चिठ्ठी माझ्याच अक्षरातली. कागद फोडलेलाच नव्हता. छान हा अभिप्राय तिने बाहेरूनच दिला होता. मी आधी खूप हसले आणि मग मला रडू आलं. सोमवारी साहेबांना फोन करायचं ठरवलं.

रविवारी सकाळी भाजीला मंडईत गेले. कांद्यांच्या गाळ्यापाशी मॅडम उभ्या होत्या. त्यांच्या खांद्याला माझी पिशवी होती, रंग उतरलेली, टम्म भरलेली. त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं. माझ्या हातात माझ्या लग्नाचा बस्ता बांधला त्या साड्यांच्या दुकानाची नायलॉनची पिशवी होती.

"तुमची पिशवी कुठंय?"

धुतलीय, वाळायचीय, असं मी ठोकून दिलं.

"म्हणजे दोन दिवस गेले," त्या शांतपणे म्हणाल्या. मग कांदे निवडता निवडता, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "अहो, तुम्हीच ती वापरत नसाल तर मी इतके दिवस तक्रारी कुणाकडे करतेय?"

मला तिथल्या तिथे कांद्यांच्या ढिगात शिरावंसं वाटलं. इतक्या महिन्यांत मी त्या पिशवीतून एक मिरचीसुद्धा आणली नव्हती. मॅडमनी आपली पिशवी उघडून दाखवली. सातपैकी सहा कप्पे त्यांनी उसवून काढले होते.

सोमवारी मी साहेबांना फोन केला नाही. नवऱ्याने कॅलेंडरवरची तारीख खोडली आणि पाडव्याची लिहिली. मी आणि मॅडम दुपारी त्यांच्या गॅलरीत बसून उरलेल्या पिशव्यांचे कप्पे उसवत होतो. माझी सगळी प्रतिभा चिंध्या होऊन पायाशी पडत होती. ओळीचं काय करायचं, असं मी विचारलं. त्यांनी पिशवी उलटी केली. कविता आत गेली, उरलेला एक कप्पा बाहेर आला आणि तो लिंबांना बरोबर हाताशी होता. शिवण दिसते म्हटलं, तर त्या म्हणाल्या, दिसू दे.

पाडव्याला पाहुण्यांच्या खोलीत पाहुणे झोपू शकत होते. दोन आठवड्यांनी नणंदेचा फोन आला. तिने मला न सांगता मंडईजवळच्या एका दुकानातून पिशवी विकत घेतली होती.

"अगं, तुझ्या त्या पिशवीचे बंद किती काचतात," ती म्हणाली. "दोन किलो बटाटे घेतले की खांद्यावर वळ उठतात. वापरून बघितलीस का कधी?"

मला भरून आलं. ताई, एक मिनिट थांबा, असं म्हणून मी वही शोधायला धावले आणि या वेळी खरोखर लिहून घेतलं.