सुमनअक्कांचं माहेर

सुमनअक्कांना शिंक आली की त्या हातातलं काम टाकून, पाय एकमेकांत आवळून उभ्या राहत. पिंप्राळ्यात आमच्या भिंतीला भिंत लागून त्यांचं घर. गल्लीतल्या पोरी त्यांची नक्कल करत आणि अक्काही हसत, पण पदर तोंडात कोंबून, बेताबेताने.

माहेर धुळ्याजवळच्या खेड्यात. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, साऱ्या लेकी झोके खेळायला माहेरी जातात. अक्का वर्षानुवर्षं गेल्या नव्हत्या. विचारलं की ठरलेलं उत्तर, "माले गाडी लागस व." म्हातारी आई मात्र समजून बसली होती की लेक रुसली. भावाच्या लग्नात मानाची साडी साधी निघाली, त्याचा राग धरला, असं ती गावभर सांगे. ते अक्कांच्याही कानावर येई.

एकदा गच्चीवर ज्वारीच्या बिबड्या वाळत घालताना कुणीतरी काही बोललं आणि अक्का खळखळून हसल्या. लगेच त्यांनी शेजारचा पाण्याचा तांब्या स्वतःच्या मांडीवर उपडा केला. "सांडलं व माय!" बाकीच्या बायका गेल्यावर माझा हात धरून म्हणाल्या, "धाकल्याच्या बाळंतपणापासून असंच शे. हसलं, खोकललं, गाडीनं दचका दिधा, का लुगडं ओलं. कोनले सांगू?"

मी त्यांना ओढतच डॉक्टरीणबाईंकडे नेलं. आधी काही महिने व्यायाम झाले, फारसा फरक पडला नाही. मग बाई म्हणाल्या, लघवीच्या नळीखाली जाळीची अरुंद पट्टी बसवू. पोटावर जोर आला की ती नळीला आधार देते.

"इतलंसं काम? आन मी जनम काढा!" अक्का तिथेच रडल्या.

ऑपरेशन माघात झालं; घरी सुनेला सांगितलं, पोटाचं आहे. जड उचलायची बंदी संपली तशा त्या मुद्दाम माझ्यासमोर खोकून दाखवायच्या. म्हटलं, जा आता आईकडे. तर म्हणे, "मधमाच कशी जाऊ? लेक आखाजीलेच शोभस. समोर बसून सांगसू तिले बठ्ठं." आईसाठी सुती लुगडं घेऊन ठेवलं. फोनवर मात्र चकार शब्द नाही.

आखाजी तोंडावर आली आणि आई गेली.

मी सोबत गेले. एसटी सबंध रस्ताभर आदळत होती, अक्का ताठ बसून होत्या आणि काहीही झालं नाही. त्यांच्या ते ध्यानातही नव्हतं. मला मात्र त्या कोरड्या लुगड्याचाच राग आला.

अंगणात आईला ठेवलं होतं. अक्का आलेल्या पाहून बायका कुजबुजल्या, "आते उनी रुसेल लेक." अक्का उशाशी बसल्या आणि जी गोष्ट घरातल्या सुनेलाही कळू दिली नव्हती, ती सगळ्या गावासमोर आईच्या कानाशी वाकून सांगू लागल्या, "माय व, मी रुसेल नव्हतू. मनी लघवी रोकाये नही, येस्टीमा बसाले लाज वाटे. साडीनं काहीच नव्हतं व. आयकस ना?"

आईला कमी ऐकू यायचं. म्हणूनच की काय, त्या तेच पुन्हा सांगत राहिल्या, आणखी मोठ्याने.