सत्याग्रहात नाव घातलं त्याचं खरं कारण

संयुक्त महाराष्ट्राच्या सत्याग्रहात मी तुरुंगात गेले ते निव्वळ भित्रेपणामुळे. लालबागच्या आमच्या चाळीत मला अजूनही धाडसी समजतात. मीही आजवर कुणाची समजूत दुरुस्त केलेली नाही. फुकटचा मान कोण सोडतो?

झालं असं, की मॅट्रिक होऊन वर्ष उलटलं होतं आणि मला नर्स व्हायचं होतं. परळच्या एका इस्पितळातून मी गुपचूप फॉर्म आणला होता. सगळा भरून झाला होता, फक्त वडिलांची सही राहिली होती. तेवढ्यासाठी तो दीड महिना मसाल्याच्या डब्याखाली पडून होता. इकडे गावाहून काकांचं, म्हणजे बाबांच्या थोरल्या भावाचं, पत्र आलं: मुलगा पाहिलाय, महिनाअखेर पाहुण्यांना घेऊन येतो. काकांचं पत्र म्हणजे आमच्या घरात हुकूमच. पाहुणे आले की सुपारी फुटणार आणि माझी रवानगी कोकणात होणार. त्यात फॉर्मची मुदत शनिवारी संपत होती.

बाबा गिरणीत मागावर होते. पाळी सुटली की गॅलरीत उभे राहून रोज दिल्लीची सालटी काढत. घरात मात्र फारसे बोलत नसत, नुसते खाकरत, आणि आम्ही भावंडं त्या खाकरण्यालाच घाबरून असायचो. मी रोज संध्याकाळी निश्चय करून त्यांच्यासमोर उभी राहायची.

"बाबा..."

"काय गो?"

"पाणी देऊ?"

त्या दीड महिन्यात बाबा जेवढं पाणी प्याले तेवढं चाळीच्या नळालाही येत नसेल. पाणी झालं की चहा, चहा झाला की डोकं चेपून देऊ का. पोरगी सासरी जायच्या तयारीला लागली, असं आई शेजारणींना कौतुकाने सांगायची.

शेवटी मंगळवारी मी देवाला नमस्कार करून गेले, तोंड उघडलं आणि भलतंच बाहेर आलं. "बाबा, गुरुवारच्या बायकांच्या तुकडीत माझं नाव घाला."

खरं सांगते, हे बोलताना मला मुळीच भीती वाटली नाही. लाठी, पोलिसांची गाडी, कोठडी, सगळं त्या एका सहीपेक्षा सोपं वाटलं. बाबांचे डोळे भरून आले. त्यांनी गॅलरीत जाऊन तिन्ही मजल्यांना ऐकू जाईल अशी बातमी दिली. आता माघार घ्यायची सोयच उरली नाही.

गुरुवारी सकाळी चाळीच्या चौकात आम्हा नऊ जणींना ओवाळलं. कुंकू, झेंडूचा हार, हातावर साखर. तुरुंगात जाणाऱ्याने निघण्यापूर्वी दोन शब्द बोलायचे, अशी आमच्याकडे पद्धत पडली होती. माझी पाळी आली तेव्हा डोक्यात एकच विचार होता: आज आत गेले की शनिवार आतच जाणार. मला एकदम रडू फुटलं आणि मी हात वर करून ओरडले, "मला नर्स व्हायचंय!"

"झालाच पाहिजे!" अख्खा चौक गरजला.

त्या दिवसांत चाळीत कुणीही हात वर करून काहीही ओरडलं, तरी हेच उत्तर यायचं. माणूस काय म्हणतोय याकडे लक्ष द्यायला कुणाला सवड नव्हती.

"मला हे लग्न करायचं नाही!"

"झालाच पाहिजे!"

ऐकलं फक्त बाबांनी. ते गर्दीतून माझ्याजवळ आले. "सरकाराक भियत नाय, आणि माका भियतंस?"

"हो," मी म्हटलं.

आणि मसाल्याच्या डब्याखालच्या फॉर्मचंही सांगून टाकलं. मग त्यांनी आईला फॉर्म आणायला वर पाठवलं आणि जिन्याच्या कठड्यावर ठेवून सही करून टाकली. दीड महिन्याचं काम, अर्ध्या मिनिटात. "पण काकांना काय कळवणार?" मी विचारलं.

"दादाक उद्या लिवतंय," बाबा म्हणाले, आणि त्यांनी नजर चुकवली.

हा 'उद्या' माझ्या चांगला ओळखीचा होता. "आताच लिहा," मी म्हटलं. "तोवर मी अटक व्हायला जात नाही."

मग काय, हार घातलेल्या नऊ बायका उन्हात ताटकळत उभ्या आणि माझा बाप पायरीवर बसून पोस्टकार्ड लिहितोय. 'तीर्थरूप दादांस शिरसाष्टांग नमस्कार' एवढ्यावर पेन अडलं. दिल्लीला रोज फैलावर घेणारा माणूस तीच ओळ पुन्हा पुन्हा गिरवत होता. ज्यांना मी जन्मभर भ्याले ते माझ्याइतकेच भित्रे निघाले. मला त्यांची इतकी माया आली, की म्हणावंसं वाटलं, राहू दे बाबा, करते मी लग्न. म्हटलं नाही, ते बरं झालं.

'मुलगी नर्स होणार. पाहुण्यांस आणू नये.' एवढं लिहून बाबा आमच्या तुकडीबरोबर नाक्यावरच्या टपालपेटीपर्यंत आले. कार्ड अर्धं आत गेलं, पण त्यांची बोटं सुटेनात. मी त्यांच्या हातावर हात ठेवला आणि दोघांनी मिळून ते आत ढकललं.

"आता परत काढूक येवचा नाय ना?" त्यांनी विचारलं.

"नाही."

बाबांनी टोपीने डोळे पुसले, आणि फॉर्म छातीशी धरून, गिरणीतली पाळी बुडवून, परळच्या रस्त्याला लागले.