कागदावरची वयं

"ऐंशीला टेकलेल्या मानसाला कशाला हलवायचं, सर? वाटंतच काय झालं म्हंजे?"

ताडपत्रीच्या पलीकडून सिस्टरचा आवाज आला. अलीकडे मी स्टुलावर बसले होते, हातात आजोबांचा चहाचा कप. दोन घोट घेऊन त्यांनी मान फिरवली होती. हॉलमध्ये अठरा खाटा होत्या, पण ऐंशीला टेकलेला माणूस त्यात एकच होता आणि त्याचं आधार कार्ड माझ्या पर्समध्ये होतं.

डॉक्टर हळू आवाजात काहीतरी म्हणाले. मग पुन्हा सिस्टर. "त्या मावशी चार वर्षांनी तरी लहान हायेत. त्यांना धाडा."

अंबाजोगाईच्या मोठ्या दवाखान्यातून फोन आला होता, तिथे एक खाट रिकामी झाली होती. दीड तासात पेशंट पोचला तर ती मिळणार होती. हे मला कुणी न सांगताही माहीत होतं, कारण ताडपत्रीच्या पलीकडचं सगळं मला ऐकू यायचं. मी कमी बोलते म्हणून लोक माझ्याजवळ सांभाळून बोलत नाहीत. शिवाय मी इंग्रजी शाळेतली. मला गावाकडचं बोलणं फारसं कळत नसावं, असं सिस्टरने पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं होतं. "मॅडम, थर्मामीटर म्हंजे ताप मोजायचं, बरं का," असं म्हणून ती हसली होती. मीही हसले होते.

आमचं कोविड सेंटर म्हणजे तालुक्याच्या गावचं बंद पडलेलं दूध शीतकरण केंद्र. भिंतींना छातीएवढ्या उंचीपर्यंत पांढऱ्या फरशा, जमिनीत पाणी वाहून जायला नाल्या. इतकी वर्षं बंद असूनही दुपारी उन्हं तापली की नाल्यांतून आंबूस वास यायचा. आजोबा गावच्या दूध सोसायटीचे सेक्रेटरी होते. तीस वर्षं त्यांनी इथे कॅन पाठवले. आणलं त्या दिवशी खाटेवर टेकताना ते म्हणाले होते, "हितं टाकी होती." त्यानंतर त्यांचं बोलणं कमी कमी होत गेलं.

मी स्वतः पॉझिटिव्ह होते, म्हणून मला आत राहता आलं. मला फक्त ताप होता आणि वास येत नव्हता. तोही तिसऱ्या दिवशी परत आला, तो नाल्यांचा. आई-बाबा बीडला घरीच अंथरुणावर होते. रोज दोनदा फोन करायचे आणि दोन्ही वेळा मी सांगायचे की आजोबा जेवले.

शेजारच्या खाटेवर आमच्याच गावच्या मावशी होत्या. सोसायटीत दूध घालायच्या. मुलगा आणि सून ऊसतोडीला गेलेले, अजून परतले नव्हते. आम्ही तिघं एकाच जीपमधून आलो होतो. आजोबा आणि मावशी, दोघांत मिळून ऑक्सिजनचं एकच मशीन होतं. दोन तास त्यांना, दोन तास यांना. पाळी बदलताना मीच नळी काढून दुसरीकडे लावायची. त्या पंधरा-वीस सेकंदांत दोघांपैकी कुणाकडेच बघायचं नाही, असं मी ठरवलं होतं. वीज गेली की मशीन एक लांब शिटी मारून बंद व्हायचं. मग अख्ख्या हॉलमध्ये फक्त श्वास ऐकू यायचे. सगळ्यांचे वेगवेगळे. जनरेटर लागेपर्यंत मी आजोबांच्या बनियनकडे बघत बसायचे, ते वर होतंय का, खाली होतंय का.

आदल्या दिवशी मावशींना फार धाप लागली, तेव्हा आजोबांनी स्वतःच नाकातली नळी काढून माझ्या हातात दिली. त्यांची पाळी संपायला अजून अर्धा तास होता. मी मानेनेच नाही म्हटलं. त्यांनी बोटाने मावशींकडे दाखवलं. मी नळी नेऊन लावली, पण मनातून मला त्यांचा राग आला. हेही लिहायला हवं.

आजोबांचं वय ऐंशीच्या जवळ नव्हतंच. ते अडुसष्टचे होते. आधारवर होतं एकोणऐंशी.

ते एकोणऐंशी माझ्या अक्षरातलं होतं. नऊ वर्षांपूर्वी, मी सातवीत असताना मोठा दुष्काळ पडला. विहिरी आटल्या, जनावरं चारा छावणीत गेली, आणि सोसायटीच्या दारात सकाळ-संध्याकाळ बायका नुसत्याच येऊन बसायच्या. घालायला दूध नसायचं, पण सवय मोडत नव्हती. त्या उन्हाळ्यात मी सुट्टीला गावी होते. सोसायटीच्या खोलीत दोन दिवस आधारचं मशीन आलं. फॉर्मवर नाव इंग्रजीतही लागायचं, म्हणून आजोबांनी मला टेबलाशी बसवलं. "हिचं इंग्रजी छापल्यावानी हाय," ते सगळ्यांना सांगत होते.

बायकांपैकी कुणाकडेच जन्मतारीख नव्हती. तिथे एक जानेवारी लिहायचं, हे मशीनवाल्याने सांगितलं. साल आजोबा सांगायचे. निराधार योजनेच्या महिन्याच्या पगाराला पासष्ट वर्षं लागायची आणि त्या वर्षी गावात पगाराशिवाय दुसरं काही येणार नव्हतं. ते एकेका बाईकडे बघायचे, क्षणभर विचार करायचे आणि साल सांगायचे. मी लिहायचे.

मावशी तेव्हा बावन्न वर्षांच्या होत्या. आजोबांनी त्यांना सहासष्टचं केलं.

"आन्ना, सासूपेक्षा मोठी करू नका मला," त्या म्हणाल्या होत्या. "मला अजून तिच्या हाताखाली नांदायचंय."

सगळी खोली हसली होती. सगळ्यात जास्त मी. मोठी माणसं माझ्यासमोर खोटं बोलत होती आणि मला त्यात घेत होती, याचा मला फार आनंद झाला होता. शेवटी आजोबांनी स्वतःचा फॉर्म पुढे केला. सोसायटीच्या कामाला त्यांना आठवड्यातून तीनदा एसटीने तालुक्याला यावं लागायचं. अर्ध्या तिकिटाला पासष्ट पुरले असते, पण ते म्हणाले, "सत्तर लिही. पासष्ट म्हटलं की कंडक्टर तोंडाकडं बघतो. सत्तरला न्हाई बघत." मग बायकांकडे वळून त्यांनी बजावलं, "आता कुनी बी इचारलं तर हेच सांगायचं. साहेब इचारू द्या, न्हाईतर सोयरा इचारू द्या. मोडायचं न्हाई."

ताडपत्रीच्या पलीकडे अँब्युलन्सच्या ड्रायव्हरचा आवाज आला. "सर, कुनाला घ्यायचं ते ठरवा. मी तिकडं पोचेस्तोवर खाट गेली तर मला शिव्या देऊ नका."

मी उठले. कप कुठे ठेवावा ते कळेना, म्हणून तसाच हातात घेऊन गेले. बोलायचं वाक्य मी आधी मनात इंग्रजीत केलं, मग मराठीत. मी काही बोलले की इथे लोक थांबून ऐकतात, आणि ते थांबणं मला सहन होत नाही. आता तर दोन माणसांचा जीव त्या थांबण्यात अडकला होता.

डॉक्टर माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठे असतील. मास्कच्या कडेने त्यांच्या गालावर व्रण उठले होते.

"सर, आजोबांचं आधारवरचं वय चुकीचं आहे," मी म्हणाले. "ते अडुसष्टचे आहेत."

सिस्टरने माझ्याकडे बघितलं. तिला मराठी येणारी मी पहिल्यांदा दिसत असावे.

"ताई, सगळेच असं म्हणतात," डॉक्टर म्हणाले. ते चिडलेले नव्हते, फक्त थकलेले होते. "मला तिकडे एकच नाव द्यायचंय. दोघांचा ऑक्सिजन सारखाच खाली आहे. ते विचारतात वय काय, शुगर आहे का, बीपी आहे का. यातलं दोघांनाही काही नाही. मग राहिलं वय."

मी फोन काढला. आजोबांच्या शाळेच्या दाखल्याचा फोटो बाबांनी कधीतरी जमिनीच्या कामासाठी पाठवलेला होता. मोडी वळणाच्या अक्षरातली तारीख, खाली शिक्का. बोटाने मोठा करून मी तो त्यांच्यापुढे धरला. त्यांनी तो वाचला, मनात हिशेब केला आणि हातातल्या कागदावर एकोणऐंशी खोडून अडुसष्ट लिहिलं.

मला वाटलं होतं की हे झालं की भीती जाईल. पण तेव्हाच ती खरी सुरू झाली. कारण डॉक्टर खाटांकडे निघाले, मी त्यांच्या मागे गेले, आणि तिथे मावशी जाग्या होत्या. मशीनची पाळी त्यांची होती. आजोबा झोपेत होते की नुसते डोळे मिटून होते, ते मला कळलं नाही. त्यांचे ओठ फिके निळसर दिसत होते. तो रंग सकाळी नव्हता.

मावशी एकसष्टच्या होत्या. हे त्या हॉलमध्ये तीन माणसांना माहीत होतं. एकाला बोलता येत नव्हतं.

डॉक्टर वाकले. "मावशी, तुमचं वय किती हो?"

खाटेचं, गाडीचं, फोनचं मावशींना कुणीच काही सांगितलं नव्हतं. हातात कागद घेतलेला साहेब वय विचारतोय, एवढंच त्यांना दिसलं. त्यांनी थोडं उठून बसायचा प्रयत्न केला.

"पंच्याहत्तर," त्या म्हणाल्या. धाप लागली, थांबल्या, आणि पुन्हा स्पष्ट म्हणाल्या, "पंच्याहत्तर हाय, साहेब. पुरं."

मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. बरोबर सांगितलं ना, असं विचारल्यासारखं. त्यांच्या डोळ्यांत थोडं हसूही होतं, अजून मोडलं नाही बघ, असं म्हणणारं.

डॉक्टर माझ्याकडे वळले. "तुमच्याच गावच्या ना ह्या? ह्यांचं तरी बरोबर आहे ना?"

दारात ड्रायव्हर उभा होता. स्ट्रेचरचं एक चाक नालीत अडकलं होतं आणि तो ते पायाने सोडवत होता. मी आजोबांच्या बनियनकडे बघितलं. ते वर झालं, आणि खाली यायला फार वेळ लागला.

"हो," मी म्हणाले. "पंच्याहत्तर."