रोज एक शाबासकी

माझ्या मोठ्या जाऊबाईंनी कधी कुणाचं कौतुक केल्याचं आमच्या घरात कुणाला आठवत नाही. स्वतःची लेक वर्गात पहिली आली तेव्हा प्रगतिपुस्तक उलटसुलट करून त्यांनी विचारलं होतं, "सही करायची कुठे, जागा तरी ठेवलीय का?" माझ्या हातची भाजी त्या दुसऱ्यांदा मागून घेतात आणि घेता घेता म्हणतात, "मीठ काय मोजून आणतेस का गं?" लग्न झालं तेव्हा मी यावर रडायचे. पुढे कळलं, की जे त्यांना खरोखर नापसंत असतं त्याबद्दल त्या बोलतच नाहीत. नुसतं ताट सरकवतात.

जाऊबाई शर्ट शिवणाऱ्या कारखान्यात लाइन सुपरवायझर आहेत. लांबलचक हॉल, दोन्ही भिंतींना लागून मशिनी. एका टोकाला कापलेलं कापड येतं, आणि कॉलर, कफ, बाह्या, काजं-बटणं असं होत होत दुसऱ्या टोकाला अख्खा शर्ट इस्त्रीला जातो. मधल्या वाटेवरून जाऊबाई दिवसभर फिरायच्या. "हा कफ आहे की पिशवी?" "उसव ते. नवऱ्यावरचा राग कापडावर काढू नकोस." बायका मान खाली घालून हसायच्या आणि उसवायच्या. कॉलर शिवणारी तर म्हणायची, "बाई ओरडल्या नाहीत की माझा दोरा तुटतो."

मग नवे मॅनेजर आले. तरुण, नीटनेटके, झाडूवालीलाही अहो-जाहो करणारे. कुठलंसं प्रशिक्षण घेऊन आले होते. त्यांनी नियम केला, की सुपरवायझरनं लाइनवरच्या प्रत्येकीला रोज एक शाबासकी द्यायची आणि आवाज चढवायचा नाही. महिन्याभरात जमलं नाही तर लाइन दुसऱ्या कुणाकडे, आणि बाईंची बदली धाग्याच्या स्टोअरमध्ये. हे त्यांनी इतक्या मऊ आवाजात सांगितलं, की जाऊबाईंना ते घरी येईपर्यंत नीटसं कळलंच नाही.

"धागे कापायच्या कामाला म्हणून लागले होते मी त्या लाइनवर," त्या म्हणाल्या. "आता रिळं सांभाळत बसू?"

"मग बोला की दोन गोड शब्द, वहिनी. त्यात काय जातं?"

"तुला सोपं आहे गं. तुला सवय आहे."

मी सुचवलं, घरी सराव करा. त्यांनी सुरुवात भाऊजींपासून केली. भाऊजी पेपर वाचत होते. जाऊबाई त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "आज तुम्ही बरे दिसताय." भाऊजींनी पेपर खाली ठेवला. "डॉक्टरांचा फोन आला होता का?" ते म्हणाले. "काय ते सरळ सांग." तपासणीचा रिपोर्ट स्वतः आणून वाचेपर्यंत ते धड जेवले नाहीत.

कारखान्यातही तेच झालं, फक्त मोठ्या प्रमाणावर. कॉलरवालीला "छान" म्हटल्याबरोबर तिनं मशीन थांबवलं. जेवणाच्या सुट्टीपर्यंत हॉलभर झालं, की माणसं कमी करणार आहेत, बाई उगाच गोड बोलत नाहीत. कफवालीला "उत्तम" मिळालं तर ती रडायलाच लागली. "माझी पोरं लहान आहेत हो, बाई." दोघी-तिघी समोरच्या कारखान्यात जागा आहे का, विचारून आल्या. त्यात कुणाला आपलं काम सरळ आहे की वाकडं, तेच समजेना, कारण सरळही छान आणि वाकडंही छान. इस्त्रीकडून शर्टांचे गठ्ठेच्या गठ्ठे परत यायला लागले.

एक बटणवाली तेवढी सुधारली. नवी होती. आधी जाऊबाईंची सावली पडली तरी तिच्या हातून सुई मोडायची. आता तिची बटणं एका रेषेत बसायला लागली. जाऊबाईंनी हे घरी तक्रारीच्या सुरात सांगितलं.

महिना संपला. मॅनेजरनी घसरलेलं काम पाहिलं, विचार केला आणि सांगितलं, शाबासकी कमी पडतेय, उद्यापासून दोन.

"एकीतच माझा जीव जातो, साहेब," जाऊबाई म्हणाल्या. "स्टोअरची किल्ली द्या."

त्या रात्री त्यांनी भाजीला नावं ठेवली नाहीत. मी दोनदा मीठ चाखून पाहिलं.

लाइन मॅनेजरनी स्वतःकडे घेतली आणि न चुकता दोन-दोन शाबासक्या दिल्या. स्टोअरला एक लहानशी खिडकी आहे. तिथे सगळ्यात आधी कॉलरवाली आली. "पांढरा दोरा द्या. आणि हे जरा बघा." तिनं पुढे केलेल्या रिकाम्या रिळाखाली कॉलर होती.

"डोळे घरी विसरून आलीस का? एक टोक वर, एक खाली."

ती खूश होऊन गेली. मग कफवाली आली, मग बाह्यावाल्या. एवढा दोरा त्या कारखान्यात कधी लागला नव्हता. परत येणारे गठ्ठे कमी झाले. मॅनेजरनी बैठकीत जाहीर केलं, की दोन शाबासक्यांचा गुण आला. सगळ्यांनी मान डोलावली. आता तिथे कुणी दुसरं काही करतच नव्हतं. मॅनेजरनी हॉलच्या मधल्या वाटेत एक लोखंडी कपाट आणून ठेवलं होतं, तेही सगळ्यांना छान वाटलं.

तेवढ्यात एका मोठ्या गिऱ्हाइकासाठी नमुन्याचा शर्ट पाठवायचा होता. मॅनेजरनी तो हॉलभर फिरवून दाखवला. छान, उत्तम, फारच छान. सगळ्या जेवायला गेल्यावर ते शर्ट घेऊन खिडकीशी आले.

"बाई," ते म्हणाले, "मला इथे कुणी काही सांगत नाही."

जाऊबाईंनी शर्ट उजेडात धरला. "खिसा डावीकडे कललाय. गिऱ्हाईक आंधळं असेल तर पाठवा. आणि ते कपाट हलवा, बायकांची कोपरं सोलून निघालीत."

मॅनेजरनी खिसा बोटानं चाचपून पाहिला. "आणखी?"

"आणखी पुष्कळ आहे. आधी जेवून या, चेहरा उतरलाय."

त्यांनी जेवून आल्यावर सगळं ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी लाइन जाऊबाईंकडे परत आली. शाबासकी मॅनेजरनी आपल्याकडे ठेवली. सकाळी ते ती वाटत पुढे जातात आणि मागून जाऊबाई उसवायची कात्री घेऊन येतात. बटणवालीपाशी मात्र कात्री त्या पदराआड धरतात आणि "बरं आहे" म्हणतात. त्यांच्या मते ही शाबासकी नव्हे.

लाइन परत देताना साहेब काय म्हणाले, ते मी जाऊबाईंना विचारलं.

"म्हणाले, तुमच्याशिवाय ही लाइन चालत नाही."

"अगं बाई. मग तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणणार? म्हटलं, कपाट अजून तिथेच आहे."